बारा गाड्यांपुढची पिकअप

हेमचंद्राने आयुष्यात कोणतीही गोष्ट अजाणता केली नव्हती, आणि याचा त्याला अभिमान होता. शेंद्र्याच्या एका कारखान्यात तो इंजिनांच्या चाचण्या घेई. सुट्टीच्या दिवशी पुंडलिकनगरातल्या आपल्या घराच्या पार्किंगमध्ये लॅपटॉप उघडून बसे आणि बनवणाऱ्यांनी शहाणपणाने रोखून धरलेला जोर लोकांच्या गाड्यांना मोकळा करून देई. याला तो धंदा म्हणत नसे, छंद म्हणे. सुशिक्षित माणसाच्या हातून जे काही घडते, त्याला असे एखादे निरुपद्रवी नाव आधीच तयार असते.

काकासाहेब त्याच्याकडे आले ते पिकअप घेऊन. औद्योगिक वसाहतीत शिवार गेल्यापासून गावात आपली उंची कमी झाली, असे त्यांना वाटत असावे. ती त्यांनी टायरांनी भरून काढली होती. टायर छातीला लागत होते. आत चढायला लोखंडी पायरी डकवावी लागली होती.

"हत्तीचे पाय बसवले, इंजिनिअरसाहेब, पण काळीज शेळीचंच ऱ्हायलं," काकासाहेब म्हणाले. "जरा चढ आला की बसतीय. पोरंसोरं हसायलीत."

"टायर मोठं झालं की इंजिनला जड जातं, काकासाहेब. सुरुवातीचा रेटा कमी पडतो."

"मंग रेटा वाढवा की! शेळी हसायला आणली व्हय तुमच्याकडं?"

हेमचंद्राने रेटा वाढवला. टर्बोचा दाब चढवला, डिझेल वाढवले. एवढी अवजड चाके थांबवायला जुने ब्रेक पुरणार नाहीत, हेही त्याने सांगितले. मात्र पुढेमागे 'मी सांगितले होते' असे म्हणता यावे, एवढ्याच आवाजात.

"थांबायचंय कोणाला?" काकासाहेब हसले, आणि हेमचंद्रही हसला.

एक खोड मात्र राहिली. वाढवलेला जोर लगेच येत नसे. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर ढिम्म उभी राही आणि मग सगळा जोर एकदम चाकांत उतरून ती उसळी घेई. ही उसळी मवाळ करता आली असती. पण काकासाहेबांनी ती एकदा अनुभवली आणि मांडीवर थाप मारली. "ह्येच पायजे! हिला हात लावू नका." हेमचंद्राने लावला नाही. कौतुकापुढे त्याची विद्या नेहमीच नम्र होत असे.

चंपाषष्ठीच्या जत्रेचे आमंत्रण आले, वहिनींना घेऊनच या अशा आग्रहासह. ही गाडी कशासाठी सजली आहे, ते त्याला तिथे पोचल्यावर कळले.

खंडोबाच्या त्या गावात बारा गाड्या ओढण्याची चाल होती. बैल सोडलेल्या बारा बैलगाड्या एकामागे एक साखळीने जोडायच्या, त्यांत माणसे दाटीवाटीने बसवायची, आणि मानाच्या एकट्या माणसाने देवळापासून वेशीपर्यंत त्या ओढत न्यायच्या. हा मान कडूबाचा होता. यंदा त्याचे गुडघे गेले. देवाचे काम अडू नये म्हणून काकासाहेबांनी तोडगा काढला होता: मान कडूबाचा, जोर पिकअपचा. कडूबालाच त्यांनी टपावर बसवले होते. हातात भंडाऱ्याची परात घेऊन तो वरून ओरडत होता, "औंदा देवाला बी जीन्स घाला रं!" सगळे गाव खदखदत होते.

हेमचंद्र हसू शकला नाही. देवळापुढची जागा सपाट होती, पण तिथून वेशीपर्यंत रस्ता हलक्या उताराचा होता आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती उभ्या होत्या. लाकडी गाड्यांना ब्रेक नसतो. माणूस ओढतो तेव्हा त्या त्याच्या दमाने चालतात, त्याच्या थकव्याने थांबतात. ही पिकअप आधी हलणार नाही आणि मग उसळेल. त्या हिसक्यात साखळी टिकली, तर बाराही गाड्या उतारावर तिच्या मागे सुटतील. आणि तिने वेग आवरला, तर एकमेकींवर चढतील. हे गणित मांडायला त्याला कागद लागला नाही.

पहिल्या गाडीत त्याची बायको प्रमोदिनी बसली होती. काकासाहेबांच्या आई, सारजाबाई, यांनी तिला हाताला धरून वर घेतले होते. पाहुणीचा मान होता तो.

"काकासाहेब, जरा ऐका," तो म्हणाला, "ही गाडी असल्या ओढकामाला..."

काकासाहेबांनी त्याच्या डोक्यावर फेटा ठेवला आणि लाउडस्पीकर तोंडाशी धरला. "मंडळी, ही सगळी करामत आपल्या इंजिनिअरसाहेबांची!" टाळ्या पडल्या. भंडाऱ्याची मूठ त्याच्या अंगावर आली. बोलायचे ते वाक्य त्याने गिळले. पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या आणि दप्तरे सांभाळलेल्या त्याच्या घराण्यात भर सभेत यजमानाला नाही म्हणण्याची रीत नव्हती.

तो पहिल्या गाडीपाशी गेला.

"प्रमोदिनी, खाली उतर."

"का रे? आत्ताच तर बसले."

"उतर ना. धुळीने त्रास होईल तुला."

ती उतरली. रिकाम्या जागेकडे पाहून सारजाबाई गर्दीत ओरडल्या, "अगं ये आशा, तान्ह्याला घेऊन ये वर! जागा झालीया." आशाबाई तान्ह्यासकट वर चढली.

प्रमोदिनीने ते पाहिले, आणि मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"मला धुळीचा त्रास कधीपासून?"

त्याने डोक्यावरचा फेटा सावरला.

"हेम, काही धोका आहे का? असेल तर या सगळ्यांनाच उतरवायला हवं. सांग, मी ओरडते. मला लाज नाही वाटत."

काकासाहेब पिकअपच्या दारातून त्याला हाक मारत होते. गर्दी त्याच्या फेट्याकडे कौतुकाने पाहत होती. एका शब्दाचे काम होते, आणि तो शब्द बोलायला त्याची बायको तयार होती. त्याने फक्त मान हलवायची होती.

"छे, धोका कसला?" हेमचंद्र म्हणाला. "मी स्वतः काम केलंय."

"मग मला एकटीला उतरवून आजींचा अपमान का करतोस?" ती पुन्हा वर चढली. आशाबाईने तान्हे मांडीवर ओढून घेतले आणि तिला जागा करून दिली.

काकासाहेबांनी त्याला केबिनमध्ये आपल्या शेजारी बसवले. "येळकोट येळकोट" असा गजर झाला. काकासाहेबांनी ॲक्सिलरेटर दाबला. मागची साखळी कुरकुरत ताठ झाली आणि पिकअप जागची हलली नाही.

"ओढंना की वो काकासाहेब!" गर्दीतून कोणीतरी ओरडले. "उतरा, आम्ही ढकलतो!"

हशा उसळला. काकासाहेबांचे कान लाल झाले. आरशात प्रमोदिनी दिसत होती. कपाळ भंडाऱ्याने पिवळे झालेले, एक हात सारजाबाईंच्या खांद्यावर. तिने त्याच्याकडे पाहून दुसरा हात हलवला.

"दाबू का अजून?" काकासाहेबांनी विचारले. पहिल्यांदाच त्यांनी त्याला काही विचारले होते, आणि उत्तरासाठी त्यांचा पाय खरोखर थांबला होता.

हेमचंद्राने समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, पाय रोवले, पाठ सीटला टेकवली आणि हनुवटी खाली ओढून छातीशी घट्ट धरली.

काकासाहेबांना तो होकार वाटला.