काच नसलेले भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. सिनेमातल्या गुप्तहेराच्या हातात असते तसले, पितळी कड्याचे आणि लाकडी दांड्याचे. माझ्या मदतीने कितीतरी खुनी पकडले गेले, चोरीचे हिरे सापडले, खोटी मृत्युपत्रे उघडी पडली. आणि तरीही माझ्यात काच नाही. हसू नका, आधी ऐकून घ्या.

माझा जन्म एका स्टुडिओत झाला. तिथल्या सुताराने टेबलाच्या मोडक्या पायातून माझा दांडा घडवला आणि जुन्या दिव्याचे कडे त्यावर बसवले. तेव्हा मला काच होती आणि मी मोठ्या तोऱ्यात होतो. पण पहिल्याच दिवशी गुप्तहेराने मला डोळ्यासमोर धरले, तर माझ्या काचेत सगळे दिवे, कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे जांभई देणारे दिग्दर्शक, असे सारे बिऱ्हाड झळकले. दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला. सुतार पुढे झाला, त्याने अंगठ्याने दाबून काच काढली आणि म्हणाला, "घ्या! कुणाच्या बापाला कळतंय?"

खरेच, कुणालाही कळले नाही. मी वर उचलला गेलो की अंधारात बसलेले शेकडो लोक श्वास रोखून धरत. गुप्तहेराची चित्रकथेची पुस्तके निघाली, तेव्हा चित्रकाराने माझ्यावर चकाकीची एक तिरपी रेघसुद्धा काढली. नसलेल्या काचेवरची ती चकाकी पाहून मी थक्क झालो होतो. लोक इतके मनापासून विश्वास ठेवतात, हे तोवर मला ठाऊकच नव्हते.

आता गुप्तहेराचे काम करणाऱ्या नटाबद्दल सांगतो. त्याला सगळे लंबूकाका म्हणत. पडद्यावर त्याची नजर पडली की गुन्हेगाराला घाम फुटे. पडद्याबाहेर मात्र तो पालीला घाबरायचा आणि कपाळावरचा चष्मा घरभर शोधायचा. प्रत्येक सिनेमात त्याला एक ठरलेले वाक्य असे. कुणी रडत दारात आले, की तो मला उचलून विचारायचा, "हरवण्याआधी शेवटचं काय बोलणं झालं? जसंच्या तसं सांगा." हे वाक्य तेवढे तो कधी विसरला नाही.

स्टुडिओत कपडे शिवणाऱ्या बाईंची एक मुलगी होती. दिवसभर इकडून तिकडे तुरुतुरु पळायची, म्हणून तिला सगळे खारू म्हणत. तिचे आजोबा, म्हणजे शिवणाऱ्या बाईंचे वडील, थिएटरात सिनेमाचे मशीन चालवत असत. ते थिएटर बंद पडले आणि पुढे आजोबांना हळूहळू काही आठवेनासे झाले.

एका थंडीच्या दिवशी दुपारी आजोबा घरातून नाहीसे झाले. बाईंनी दवाखाना पाहिला, स्टेशन पाहिले, सगळी गल्ली पालथी घातली. ऊन उतरायला लागले तरी पत्ता नाही. अंगात पातळ सदरा, आणि बाहेर ट्रकचा रस्ता. बाई रडत स्टुडिओत आल्या. खारू मात्र रडली नाही. ती थेट लंबूकाकांपुढे उभी राहिली आणि त्यांच्या कोटाची बाही धरून म्हणाली, "माझे आजोबा शोधून द्या."



"बाळा," लंबूकाका खाली वाकून म्हणाले, "खुनी कोण, ते मला लेखक आधीच सांगून ठेवतो गं. मी नुसतं पाठ केलेलं बोलतो."

"मग तेच बोला ना," खारू म्हणाली. तिने बाही सोडली नाही.

सवयीने लंबूकाकांनी मला उचलले आणि माझ्या रिकाम्या कड्यातून तिच्याकडे पाहिले. "हरवण्याआधी शेवटचं काय बोलणं झालं? जसंच्या तसं सांग."

"आजोबा म्हणाले, मध्यंतर संपत आलं, लोक खोळंबलेत."

"अहो, असलं ते रोजच बरळतात," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "त्यांचं थिएटर बंद पडून किती वर्षं झाली! तिथं आता गाद्यांचं गोदाम आहे."

"आपल्यासाठी गोदाम," लंबूकाका हळूच म्हणाले. "त्यांच्यासाठी मध्यंतर चाललंय." आणि हे कुठल्याही लेखकाने लिहून दिलेले नव्हते!

आम्ही तसेच निघालो. लंबूकाका कोटटोपीत, मी त्यांच्या मुठीत, मागे मायलेकी. गोदामाच्या पाठीमागे एक लोखंडी गोल जिना होता. वरच्या पायरीवर, जुन्या मशीनच्या खोलीच्या कुलूपबंद दारापाशी आजोबा बसले होते. थंडीने कुडकुडत ते कुलपाला घरची किल्ली लावून पाहत होते.

पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली आणि ते धडपडत उभे राहिले. "साहेब? तुम्ही खाली कसे उतरलात? पडद्यावर कोण आहे मग?"

लंबूकाकांनी टोपी काढली. "मध्यंतर आहे ना, आजोबा. म्हटलं, तुम्हाला भेटून यावं."

आजोबा त्यांच्याकडे बघतच राहिले. "जन्मभर त्या एवढ्याशा खिडकीतून तुम्हाला बघत आलो, साहेब. तुम्ही एकदाही वर नाही बघितलंत."

लंबूकाकांनी मला त्या म्हाताऱ्या चेहऱ्यासमोर धरले. "आता बघतोय," ते म्हणाले.

तेव्हा आजोबांनी बोट पुढे केले. ते माझ्या कड्यातून आरपार गेले आणि लंबूकाकांच्या ओल्या गालाला टेकले. "खरे आहात हो!" आजोबा म्हणाले. मित्रांनो, माझ्यात काच असती, तर ते बोट तिथेच अडले असते. त्या क्षणी मला माझ्या रिकामेपणाचा केवढा आनंद झाला! खारूने आजोबांना कमरेला घट्ट मिठी मारली आणि मग मात्र ती भोकाड पसरून रडली.

त्यानंतर लंबूकाकांनी मला खारूला देऊन टाकले. पुढे ते सिनेमे थांबले, पुस्तके रद्दीत गेली, आणि आता माझे पितळ काळवंडले आहे. कधी तुम्हाला माझ्यासारखे एखादे भिंग मिळाले, तर ते पुसा, जपा, पण घाईने काच बसवू नका. आणि घरात कुणी तेच तेच बोलत असेल, तर ते ऐकून ठेवा. मला एवढेच मागायचे आहे.

आजोबा पुन्हा कधी हरवले नाहीत. रोज दुपारी ते उठून दाराकडे निघत आणि विचारत, "मध्यंतर संपलं का गं?" मग खारू मला घेऊन त्यांच्यासमोर बसे, माझ्यातून त्यांच्याकडे बघे आणि म्हणे, "अजून नाही, आजोबा. बसा निवांत."