मूळ गाव

रामीबाईच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि डॉक्टरांनी ऑपरेशन लगेच करा म्हणून बजावलं होतं. ते फुकट व्हायला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात योजनेच्या खिडकीवर नाव चढणं तेवढं बाकी होतं. ती पोट दाबून बाकावर बसली आणि नवरा हिरासिंग खिडकीशी गेला. तिथेच घात झाला.

"मूळ गाव?" कारकुनानं विचारलं.

आता बंजाऱ्याला मूळ विचारायचं म्हणजे झालंच! ढाणकीजवळच्या तांड्यात उभा जन्म गेलेला हिरासिंग छाती फुगवून म्हणाला, "मूळ आमचं मारवाड! बैलावर मीठ लादून आलो आमी."

कारकुनानं 'परराज्य'चं बटण दाबलं. "योजना महाराष्ट्रातल्या लोकांसाठी आहे, काका. राजस्थानात करा ऑपरेशन."

"अरे, रेशनकार्ड ढाणकीचं हाये ना!"

"ते आत्ताचं. मी मूळ विचारलं. कधी आले इकडे?"

"पणज्याच्या पणज्याच्या टायमाले."

"तारीख सांगा."

हिरासिंग बोटांवर पिढ्या मोजू लागला. लग्नाकार्यात मारवाडचा टेंभा मिरवणाऱ्या या गृहस्थाला मारवाडात कुत्रंही ओळखत नव्हतं. रामीबाईला पोटातल्या खड्यांपेक्षा नवरा नावाच्या या खड्याचाच जास्त संताप आला. ती उठली आणि खिडकीशी जाऊन म्हणाली, "बापू, मंग अँब्युलन्स बोलाव. मले मारवाडले नेऊन टाक. पण तिथं कोणाच्या दारात उतरवतं, ते पह्यले सांग. मी तं यवतमाळच आज पह्यल्यांदा पाहून राह्यली."

रांग खो खो हसली. कारकुनानं तोंड वाकडं केलं, पण 'परराज्य' पुसून 'ढाणकी' टाइप केलं. नाव चढलं.

मागे ढाणकीचाच रहेमान मेकॅनिक होता. छातीत दुखतं म्हणून आई कमरुन्निसाला घेऊन आला होता. समोरचा तमाशा पाहून तो शहाणा झाला होता. विचारायच्या आधीच घडाघडा बोलला, "मूळ गाव ढाणकी. बाप ढाणकीचा, आजा ढाणकीचा, पणजाबी ढाणकीचाच."

कारकुनानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ते ठीक आहे. त्याच्या आधीचं खरं खरं सांगा."

वॉर्डाकडे निघालेली रामीबाई थबकली.

"चाल ना," हिरासिंग म्हणाला, "आपलं तं झालं."

"तुमी जा."

ती परत फिरली आणि कळ दाबत कमरुन्निसाच्या शेजारी बसली. "बापू, या बाईचं नाव लिव आधी. मंगच मी उठतो."