बुवांच्या वाटेची किनार

या मित्रांनो, जरा पुढे सरका. माझा आवाज पडला पत्र्याचा; लांबून ऐकला तर नुसता खडखडाट वाटतो. जवळ बसलात तर डोंगरावरच्या एका पायवाटेची गोष्ट सांगते. आणि ती वाट ज्यांनी फुलवली, त्यांचीही.

मी एक जुनी झारी आहे. भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात माझा जन्म झाला. त्याआधी मी पंधरा किलोचा तेलाचा डबा होते. सदूमामा नावाच्या कारागिराने मला कापले, ठोकले, सांध्यांना डाख लावला आणि माझ्या तोंडाला बारीक भोकांची चाळणी बसवली. ती भोके पाडताना ते म्हणत होते, "पाणी असं पडलं पाहिजे, की रोपाला दुखू नये." तेवढे एकच वाक्य मी जन्मभर पाळले.

घोडबंदरच्या रस्त्याला मंदाताईंची छोटी नर्सरी आहे, तिथे मी आले. मंदाताई मूळच्या रायगडकडच्या. नवरा गेल्यावर नर्सरी त्यांनी एकटीने सांभाळली. सकाळ-संध्याकाळ मला भरायच्या आणि कीर्तनात ऐकलेली चाल गुणगुणत ओळीने सगळ्या रोपांना पाणी घालायच्या. नया नगरच्या खालाजान गुलाब न्यायला आल्या, की आधी मला हात लावून म्हणायच्या, "मंदा, ये झारी मेरे को दे दे. प्लास्टिकवाली तो दो महीने में फट जाती है." मंदाताई हसून म्हणायच्या, "झारी नहीं मिलेगी, गुलाब ले जाओ!" मला किती बरे वाटायचे, काय सांगू!

दरवर्षी भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या एका सोसायटीत कीर्तन सप्ताह व्हायचा. मंचाभोवती ठेवायला तुळशीच्या कुंड्या मंदाताई द्यायच्या, आणि त्या ताज्या राहाव्यात म्हणून मलाही सोबत न्यायच्या. त्यामुळे मी सातही दिवस पहिल्या रांगेत! कीर्तनाला उभे राहायचे आत्मारामबुवा. उंच, सडपातळ, गळ्यात वीणा. आधी एखादा अवघड विचार सोपा करून सांगायचे आणि मग त्यावर गोष्ट अशी रंगवायचे, की लिफ्टसाठी थांबलेली माणसे जागीच बसकण मारायची. मंदाताईंचे यजमान गेले, तेव्हा हेच बुवा दहा दिवस रोज घरी येऊन बसले होते. उपदेश केला नाही. नुसते हळू आवाजात गात बसायचे. ते मंदाताई कधी विसरल्या नाहीत.

पुढे बुवा आपल्या गावी परतले. साताऱ्याच्या पूर्वेला, कोरड्या डोंगराच्या माथ्यावर त्यांची वस्ती. तिथे पाऊस वाट चुकल्यासारखा येतो आणि तसाच निघून जातो. घरापासून दोनशे पावलांवर देऊळ. रोज संध्याकाळी बुवा तिथे कीर्तन करायचे. ऐकायला दहा-बारा माणसे, पण बुवांचा उत्साह हजार माणसांचा.

एके दिवशी बुवांची मुलगी स्वप्नाली नर्सरीत आली. ती इंद्रलोकमध्येच राहते, ऑफिसला जाते. कुंड्यांच्या मध्ये उभी राहून ती एकदम रडायलाच लागली.

"मंदाताई, बाबांना काचबिंदू झालाय. आता फक्त उजेड-अंधार तेवढा कळतो. परवा देवळाच्या वाटेवर पडले. एका बाजूला चढ आहे, दुसऱ्या बाजूला घळ. घळीकडे पडले असते तर? मी त्यांना इकडे घेऊन येतेय. पण ते ऐकतच नाहीत."

"आणि जितेंद्र?" मंदाताईंनी विचारले. जितेंद्र म्हणजे बुवांचा पुतण्या. त्याच्याच घरी बुवा राहतात.

"तो संध्याकाळी रानात असतो. त्याने वाटेला दोरी बांधून दिली, तर म्हणाले, दोरी धरून चालायला मी काय गोठ्यातली गाय आहे का? एका हातात काठी, दुसऱ्यात चिपळ्या, दोरी काय दातात धरू?"

मंदाताईंना हसूही आले आणि डोळ्यांत पाणीही आले. त्यांनी माझ्या मुठीवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "स्वप्नाली, एक वर्ष दे मला. वाटेच्या दोन्ही कडांना मी झाडांची किनार लावते. काठी लागली, वास आला, की त्यांना वाट कळेल. इथे आणून फ्लॅटमध्ये बसवलंस, तर ते कीर्तन कोणापुढे करणार गं?"

स्वप्नालीने मान डोलावली, पण अट घातली. "पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत. त्या दिवशी बाबा एकटे देवळापर्यंत चालून गेले, तर मी हट्ट सोडते. नाहीतर सामान बांधायचं."

तर मित्रांनो, बुवांचे कीर्तन असे त्या किनारीवर येऊन टेकले.

मंदाताईंनी काय करावे? देवाची वाट, म्हणून देवाचीच फुले निवडली! मोगरा, झेंडू, शेवंती, तुळस. दसऱ्याच्या सुमारास आम्ही टेम्पोतून डोंगरावर गेलो. लावणी करून मंदाताई परतल्या, मला मात्र तिथेच ठेवून. मी दिवसातून दोनदा पाणी घातले. किनार अशी दिसू लागली, की मला माझाच अभिमान वाटला. मोगऱ्याच्या वासावर बुवा पन्नास पावले चाललेसुद्धा.

पण फुले देवाची होती ना! रोज पहाटे वस्तीतल्या बायका परडी घेऊन यायच्या आणि भक्तिभावाने सगळी वाट ओरबाडून न्यायच्या. त्यांना कोण नाही म्हणणार? उरलेली पाने शेळ्यांनी खाल्ली. पौष सरला आणि विहीर तळाला गेली. वस्तीवर टँकर येऊ लागला. जितेंद्रची बायको संपदा डोक्यावरच्या हंड्यातले पाणी माझ्यात ओतायची. एकदा बुवांनी तो आवाज ऐकला.

"संपदा, हे पाणी कसलं?"

"टँकरचं, मामंजी. झाडांना घालतेय."

"पोरांच्या तोंडचं पाणी माझ्या वाटेला नको. देवसुद्धा पायरीवरून ढकलून देईल मला."

त्या दिवसापासून पाणी बंद झाले. होळीपर्यंत किनारीच्या नुसत्या काड्या उरल्या. मी घराच्या कोपऱ्यात कोरडी पडून होते. मला वाटे, मी असताना रोपे मेली, म्हणजे माझ्यासारखी निकामी झारी दुसरी नाही. आणि पाडवा आला तेव्हा बुवा मोगऱ्याच्या काड्यांपाशी वास शोधत उभे राहिले. स्वप्नालीने पिशवीच काढली.

पण पाडव्यासाठी आलेल्या मंदाताईंनी तिचे दोन्ही हात धरले. "चूक माझी आहे, शिक्षा त्यांना देऊ नकोस. आमच्याकडे हवेतच ओल असते. मी तिकडची झाडं उचलून इकडे आणली. हा डोंगर काय म्हणतो, ते विचारलंच नाही मी. अजून एक पाडवा दे." मुलीचेच काळीज ते, तिने दिला. मात्र तोवर बुवांनी संपदाच्या हाताला धरूनच जायचे, असे कबूल करून घेतले.

आता मंदाताईंचे मोठेपण बघा. दुसरी कोणी असती तर गार हवेची वाट पाहिली असती. त्या भर वैशाखात डोंगरावर आल्या. म्हणाल्या, "आत्ता जे हिरवं असेल, तेच खरं." मला हातात घेऊन, डोक्यावर पदर ओढून त्या उतारावर हिंडत होत्या. तिथे हौसाबाई भेटल्या. सत्तरीच्या, काळ्यासावळ्या, हातात काठी आणि मागे वीसेक शेळ्या.

"ती झारी घिऊन कुठं निघालीस, बाय? हितं माणसाला न्हाई पानी!"

मंदाताईंनी बुवांची सगळी हकीकत सांगितली. हौसाबाई खाली बसल्या, तंबाखू मळली आणि म्हणाल्या, "मला काय इचारतीस? माझ्या शेरडांस्नी इचार. येशाखात ज्याला पानं हायती आन् तरीबी शेरडं ज्याला तोंड लावत न्हाईत, त्येच झाड हितं जगतंया."

मग काय, तीन दिवस मंदाताई शेळ्यांच्या मागे! घायपात हिरवीगार दिसली. "पण टोक केवढं अणकुचीदार! बुवा चाचपायला वाकले तर?" ती सोडली. शेराचे कुंपण दिसले. "त्याचा चीक डोळ्यात उडतो. आधीच डोळे अधू." तेही सोडले. कोरांटीला काटे, तीही गेली.

"लईच निवडतीस गं! सून बघतीयास का काय?" हौसाबाई म्हणाल्या.

"सुनेपेक्षा जास्त, आजी. सून चुकली तर बोलता येतं. झाड चुकलं तर बुवा घळीत."

हौसाबाई हसायच्या थांबल्या. त्यांनी मंदाताईंना आपल्या झोपडीपाशी नेले. कुडाच्या कडेला फुटक्या माठात पानओवा वाढला होता. जाड, लवदार पाने, नुसता धक्का लागला तरी वास सुटणारा. शेळीने हुंगले आणि तोंड फिरवले. "ह्याला मी पानी कवा घातलं, मलाच आठवत न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. मग बांधावरचा वाळा दाखवला. उंच, दाट ठोंब. मुळांनी माती धरून बसलेले. वारा आला, की त्याची पाती सळसळायची.

मंदाताई तिथेच उभ्या राहिल्या. डोळे मिटले. मग हळूच म्हणाल्या, "चढाच्या बाजूला ओवा, घळीच्या बाजूला वाळा. उजवीकडे वास, डावीकडे आवाज!"

मित्रांनो, मी पुष्कळ कीर्तने ऐकली आहेत. पण त्या क्षणी अंगावर जसा काटा आला, तसा क्वचितच आला.

ओव्याच्या फांद्या घेऊन आम्ही घोडबंदरला परतलो. आता मंदाताईंनी विचित्रच सुरू केले. फांद्यांना मुळे फुटल्यावर रोपे सावलीतून काढून तापत्या पत्र्यावर ठेवली. आधी रोज पाणी, मग दोन दिवसांनी, मग पाच. मी नळाशेजारी रिकामी बसून आतल्या आत ओरडत होते, की अहो, घाला ना पाणी! समोर राहणारी मिनल वाकून बघून म्हणाली, "मंदाताई, तुमची रोपं सुकतायत. लक्ष आहे का?"

"उपास धरलाय त्यांनी. डोंगरावर जायचंय ना, सवय नको?"

तेव्हा मला कळले. माझ्या धारेने रोपे वाढतात, हे मला ठाऊक होते. ती थांबल्यानेही रोप घट्ट होते, हे मात्र या बाईला ठाऊक होते. रोप मान टाकायच्या बरोबर आधी ती मला उचलायची. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही.

आषाढात आम्ही पुन्हा डोंगरावर गेलो आणि वाटेच्या कडेला ओवा लावला. वाळ्याचे ठोंब हौसाबाईंनी स्वतः फोडून दिले, आणि ओळ वाकडी झाली म्हणून मंदाताईंना दोनदा उपटायला लावले. मंदाताई परत निघाल्या, तेव्हा मला संपदाकडे ठेवून गेल्या. सुरुवातीला मी थोडे पाणी घातले, दिवाळीनंतर तर मला कोणी हातच लावला नाही. फुले नव्हती, म्हणून परडी आली नाही. शेळ्या आल्या आणि तोंड फिरवून गेल्या. टँकर यायचे दिवस आले तरी किनार हिरवीच राहिली.

आणि पाडवा उजाडला. संध्याकाळी सगळी वस्ती वाटेच्या कडेला जमली. मंदाताई आदल्या दिवशीच आल्या होत्या. त्यांनी मला हातात घेतले होते. बुवांनी गळ्यात वीणा अडकवली, एका हातात काठी, दुसऱ्यात चिपळ्या. स्वप्नाली चार पावले मागे.

"बाबा, मी धरू?"

"तू मागून ये. आणि बोलू नकोस, मला वाट ऐकायची आहे."

शंभर पावले झाली. डावीकडे वाळा सळसळत होता. एवढ्यात वारा पडला. पाते हलेना. बुवा थबकले, आणि त्यांचे पाऊल हळूहळू घळीकडे वळले. स्वप्नाली धावलीच, पण मंदाताईंनी तिचा दंड धरला. त्यांचा दुसरा हात माझ्या मुठीवर इतका घट्ट होता, की माझा पत्रा वाकला.

काठी वाळ्याच्या दाट ठोंबाला अडली. बुवांनी पाऊल मागे घेतले. वळून उजवीकडे काठी फिरवली. पाने चुरडली आणि ओव्याचा वास सगळ्या वाटेवर पसरला. बुवांनी मोठा श्वास घेतला.

"मंदे!" ते वळून म्हणाले, "उद्या भजी करायला पानं तोडली तर चालतील का गं?"

सगळी वस्ती हसली. स्वप्नाली हसता हसता रडत होती. बुवा उरलेली वाट भराभर चालले, पायरी चढले, आणि त्या संध्याकाळचे कीर्तन… ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

शेवटी बुवांनी मंदाताईंना पुढे बोलावून नारळ दिला. त्या म्हणाल्या, "हा हौसाबाईंचा आहे." पण हौसाबाई तिथे नव्हत्या. चाऱ्यासाठी शेळ्या घेऊन त्या आठवड्यापूर्वीच खाली नदीकडे उतरल्या होत्या. किनार जगल्याचे त्यांनी पाहिले, तिच्या आधाराने बुवांना चालताना मात्र पाहिले नाही. बुवांनी नारळ देवापाशी ठेवला.

आता मी पुन्हा नळाशेजारी आहे. बूड गंजले आहे, मूठ वाकलेली आहे. कोणी रोप न्यायला आले, की मंदाताई आधी विचारतात, "तुमच्याकडे ऊन किती? पाणी किती? तिथे आपोआप काय उगवतं?" मग झाड देतात. काळजी घ्यायची म्हणजे आधी विचारायचे, हे मी या म्हातारपणी शिकले.

मित्रांनो, एकच मागणे आहे. घरच्या कुंडीला पाणी घालाल, तेव्हा क्षणभर हौसाबाईंचे नाव घ्या. ओव्याचा वास आला, की बुवा रोज वाटेत थांबून ते नाव घेतात. त्यांच्या पाठोपाठ तुम्हीही घ्या.