बिननावाची शर्यत

धाकू मेस्त्रीच्या दाव्याला पाच वर्षांत एकतीस तारखा पडल्या आणि त्यांतल्या एकोणतीस तारखांना तो प्रतिवादीच्याच गाडीतून घरी आला. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. प्रतिवादी नाना नेरूरकर त्याच्याच गावचे, राहायला बोरिवलीला. धाकूचं गॅरेज आणि मागच्या दोन खोल्या गोरेगावला, दिंडोशीच्या रस्त्यावर. फोर्टातल्या कोर्टातून निघालेली आपली अँबॅसेडर गोरेगाववरूनच जाणार आणि गावचा माणूस मात्र फुटपाथवर उभा राहणार, हे नानांना पटलं नसतं. आणि ती अँबॅसेडर चौदा वर्षं धाकूच्याच हातून दुरुस्त होत होती, त्यामुळे ती वाटेत बंद पडली तर नाक कापलं जाणार ते आपलं, ही धाकूची काळजी. दोघे पुढच्या सीटवर बसत आणि माहीमपर्यंत कुणी बोलत नसे.

भांडण होतं मोटारींच्या शर्यतीचं. शर्यत कुणाची, आणि तिला नाव कुणाचं.

शर्यत सुरू केली ती धाकूच्या धाकट्या भावाने, बाळाने, अठ्ठ्याहत्तर साली. बाळा गॅरेजमध्येच काम करायचा आणि त्याला गाडी जोरात चालवण्यापलीकडे जगात काही दिसत नसे. त्याचा दोस्त चंद्रप्रकाश नाहूरच्या एका कारखान्यात कारकून होता. तो कारखाना बंद पडला आणि त्याच्या भल्यामोठ्या आवाराची देखरेख चंद्रप्रकाशकडे आली. आवारात गोल फिरणारा डांबरी रस्ता. बाळाने चुन्याच्या रेघा मारल्या, चंद्रप्रकाशने गळ्यात घड्याळ अडकवलं, आणि मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरीपर्यंतच्या गॅरेजवाल्यांनी जुन्या फियाट आणि हेराल्ड आणून उभ्या केल्या. वर्षाला चार शर्यती, चारींचे गुण एकत्र, आणि दिवाळीनंतर जो पहिला तो वर्षाचा राजा. तिला तेव्हा नाव नव्हतं. 'बाळाच्या शर्यतीला येतोस काय रे,' एवढंच म्हणत.

एक्याऐंशीच्या पावसाळ्यात बाळाला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. वय एकोणतीस. मागे बायको नलिनी, मूलबाळ नाही. धाकूने तिला माहेरी जाऊ दिलं नाही, आणि तिनेही हट्ट केला नाही. ती आरेच्या दूधकेंद्रावर लागली, पहाटे आणि दुपारी बाटल्या द्यायला. मित्रांनी ठरवलं, शर्यतीला बाळाचं नाव द्यायचं. धाकूला तेव्हा जे वाटलं ते सांगता येण्यासारखं नव्हतं. एवढंच की त्या नावाचं, बाळाचा फोटो छापलेलं पोस्टर भिंतीवर दिसलं की भाऊ अजून कुठेतरी गाडी हाकतोय असं त्याला वाटे, आणि त्या दिवशी त्याला जेवण जाई.

मग पोलीस परवान्यासाठी मंडळ नोंदवायची वेळ आली. नोंदणीला घटना लागते. घटना कुठे मिळते हे धाकूला ठाऊक होतं. गावच्या मुंबई मंडळाची घटना त्याच्या ट्रंकेत होती, तीच त्याने चंद्रप्रकाशला टाइप करायला दिली. पालखीच्या जागी झेंडे घाल, ढोलाच्या जागी घड्याळं घाल, झालं.

चंद्रप्रकाश अकराव्या कलमाशी थांबला. मंडळाचे झेंडे, घड्याळे, समया व इतर सर्व वस्तू, तसेच मंडळाचे नाव व उपक्रम, अध्यक्षांच्या ताब्यात राहतील आणि त्यांचा विनियोग ते आपल्या मर्जीने करतील.

"हे काय यार? हे ठेवायचं?"

"ठेव रे. पूर्वी दोन वाड्या पालखीवरून डोकी फोडून घ्यायच्या, म्हणून घातलंय ते. गावचं आहे, मोडू नको."

"आणि अध्यक्ष कोण?"

हाही काही प्रश्न होता? अध्यक्ष म्हणजे हार घालायचा माणूस. गावच्या देवळात पहिला मान नेरूरकरांचा, त्यात नानांचे चार ट्रक आणि घरी फोन. त्यांना वगळून दुसऱ्याचं नाव घातलं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. नाना अध्यक्ष झाले. दरवर्षी नारळ फोडायला यायचे, पहिली गाडी सुटली की कानांत बोटं घालायचे आणि निघून जायचे.

चौऱ्याऐंशीत इंजिन ऑइल विकणारी एक कंपनी नानांकडे गेली. नानांनी त्यांच्या कागदावर सही केली, कारण कंपनीचे साहेब चांगले बोलले आणि शर्यतीला मोठेपणा येईल असं नानांना मनापासून वाटलं. पुढच्या पोस्टरवर 'सुवर्णधारा ट्रॉफी' छापून आलं. बाळाचं नाव कुठेच नव्हतं, खाली बारीक अक्षरांतसुद्धा नाही. धाकू ते पोस्टर हातात घेऊन बोरिवलीला गेला.

"अरे, कंपनीक नाव होया होता," नाना म्हणाले. "मी म्हटलंय, घाला. माका काय म्हायत तू एवढो रागावशीत?"

"नानांनू, माज्या भावाचा नाव पुसलास तुमी."

शब्दाने शब्द वाढला आणि धाकू कोर्टात गेला. कोर्टाने सांगितलं, निकाल लागेपर्यंत शर्यत भरवा, पण कुठलंच नाव लावू नका. तेव्हापासून पाच वर्षं भिंतींवर एकच पोस्टर: 'मोटार शर्यत, नाहूर'. घरमालक नसलेल्या चाळीसारखी ती शर्यत चालली. चालक येत होते, चंद्रप्रकाश घड्याळ लावत होता. धाकू मात्र एकदाही गेला नाही.

एकतिसाव्या तारखेला अकरावं कलम कोर्टात वाचलं गेलं. टाइप करताना 'समया' हा शब्द बदलायचा राहून गेला होता. मोटारींच्या शर्यतीत समया कशाला लागतात, असं न्यायाधीशांनी विचारलं आणि कोर्टात खसखस पिकली. धाकूला हसू आलं नाही. बाहेर आल्यावर त्याच्या वकील अनुपमा प्रधान यांनी चष्मा पुसत स्पष्ट सांगितलं.

"मेस्त्री, हे कलम तुम्ही स्वतः घातलंत. आपण हरणार. आज हरलो नाही तर आणखी चार वर्षांनी हरू. नानांकडून तडजोडीचा कागद आलाय, तो घेऊन जा. शर्यत त्यांची, तिला नाव ते देतील. तुमच्या भावाचं नाव मात्र ते कधीच, कुठेच वापरणार नाहीत. ते तुम्हाला परत."

"शर्यतीशिवाय नाव घेऊन मी काय करू, बाई?"

"ते मला विचारू नका. आणि एक. तुमची एकट्याची सही पुरणार नाही, भावाच्या वारसाची सही हवी. वारस त्याची बायको. तिच्याशी बोलला असालच."

धाकूने मान हलवली. बोललो असं नाही आणि बोललो नाही असंही नाही, अशी.

परत येताना नानांनी पार्ल्याला तोंड उघडलं.

"धाकू, पुरे रे आता. हे जिने चढान माजे गुडघे गेले. माका पण कंटाळो इलो हा."

"माका नाय इलो."

"इलो हा. तुज्या तोंडार दिसता." थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "क्लच जरा घसरता काय रे?"

"उद्या गॅरेजात लावन ठेवा," धाकू म्हणाला. खरं तर त्याला इतका कंटाळा आला होता की त्याला तिथेच उतरून रस्त्याच्या कडेला बसावंसं वाटत होतं.

घरी आला तेव्हा दुपारची पाळी संपवून नलिनी नुकतीच आली होती. धाकूची बायको शकु पाणी भरायला गेली होती. धाकूने कागद नलिनीपुढे धरला आणि काय काय झालं ते सांगितलं. कलम, समया, तडजोड, सही. ती नको म्हणेल, रडेल, आणि मग आपण वकीलबाईंना सांगू की घरची माणसं ऐकत नाहीत, दावा चालवा, असं त्याने वाटेत ठरवून ठेवलं होतं.

नलिनीने हात पुसले आणि कागद दोनदा वाचला.

"ह्येच्यार माजी सही कित्याक?"

"तू वारस. नावार हक्क तुजो."

"पाच वर्सां झाली," ती म्हणाली. "माका एकदा पण कोणी इचारूक नाय."

"तुज्यासाटीच लढलंय मी, नलू."

"नाय, भावोजी. तुमच्यासाटी लढलास. मी काय बोलूक नाय, कारण तुमी तेवढ्यारच उभे होतास." तिचा आवाज चढला नव्हता. "केंद्रासमोरच्या भिंतीर तेचा पोस्टर लागायचा. तुमका बरा वाटायचा. माका बाटल्यो देताना रोज सकाळी तेच्याकडे बघूचा लागायचा, आणि गिऱ्हाइकां विचारायची, कोण गे हो? मी सांगायचंय, म्हायत नाय."

"माका कधी सांगूक नाय तू."

"आणि तो जितो असतो तर काय केल्यान असता? बिननावाची तर बिननावाची, सकाळी सहाक उठान नाहूराक गाडी घेवन गेलो असतो. तेका शर्यतीक कोणाचा नाव हा त्याचा काय पडला होता? चलवूक गावली म्हणजे झाला." तिने पेन मागितलं. "पाच वर्सां तेका कोर्टात उभो करून ठेवलास. आता घराक आणा."

तिने सही केली. सावकाश, पूर्ण नाव लिहून: नलिनी बाळा मेस्त्री.

धाकू कागदाकडे बघत राहिला. मग त्याने डोळे मिटले आणि भावाला आठवायचा प्रयत्न केला. समोर आला तो पोस्टरवरचा चेहरा, स्टुडिओत काढलेला, केस चापून बसवलेले, ओठ घट्ट मिटलेले. दुसरा आठवला तो दाव्यातला: कै. बाळा, वय २९, वादीचा सख्खा भाऊ. तिसरा काही येईना. त्याला भीती वाटली.

"नलू," तो म्हणाला, "तो हसायचो कसो गे?"

तिने त्याच्याकडे नवलाने पाहिलं.

"तोंडार हात धरून. पुढचो दात अर्धो मोडलेलो ना. लाजायचो."

"दात?"

"इसरलास? हेराल्डच्या खाली तुमी दोघे होतास. पानो सटाकलो, तेच्या तोंडार बसलो. तुमच्याच हातातलो पानो. रक्त थुंकत भायर इलो, आणि आयेक सांगल्यान, मीच पडलंय."

धाकूला सगळं आठवलं. तेलाचा वास, दुपारची वेळ, आपण घाबरून पळालो होतो ते, आणि रात्री जेवताना बाळाने त्याच्या ताटात आपला मासा ढकलला होता तेही. तो गॅरेजच्या फळीवर बसला आणि आठ वर्षांत पहिल्यांदा भावासाठी रडला. नलिनी शेजारी उभी राहिली, आणि त्याला गप्प राहा असं काही तिने सांगितलं नाही.