साहेबांच्या मुठीतला क्लिकर

“ह्याच्या पोटात फार काही घालू नकोस रे बाबा. बटण दाबलं की माझ्याकडे दिवा लागला, बस्स! पुढचं मी बघते. आणि साहेबांना ह्यातलं अवाक्षर कळता कामा नये.”

मित्रांनो, जन्मल्यावर माझ्या कानी पडलेला हा पहिला आवाज. कुणाला अंगाई मिळते, कुणाला आशीर्वाद. माझ्या वाट्याला ही तंबी आली.

मी आहे एक म्हातारा क्लिकर. काळा, अंगठ्याएवढा, एका बटणाचा. फोन, घड्याळं, कानात खोचायची बोंडं असल्या वस्तू करणाऱ्या एका बड्या कंपनीत माझी सगळी हयात गेली. दर वर्षी नवा फोन निघाला की तिथे भल्यामोठ्या सभागृहात सोहळा होतो. कंपनीचे मुख्य साहेब मंचावर येत, मला मुठीत धरत, बोलता बोलता दाबत, आणि मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर स्लाइड बदले. म्हणजे बघणाऱ्यांना तसं वाटे. खरी गोष्ट अशी, की मला दाबलं की पडद्यामागच्या खोलीत नुसता एक हिरवा दिवा लागायचा. तिथे आक्का बसलेली असायची, त्या पहिल्या आवाजाची धनीण. ती दिवा बघायची आणि आपल्या हातानं स्लाइड बदलायची.

एवढा खटाटोप का, म्हणाल. साहेबांना एक खोड होती. घाबरल्यावर कुणी नखं खातं, कुणी मिशी पिळतं. साहेबांचा अंगठा चाळवायचा. माझ्या आधीचा क्लिकर खराखुरा होता, स्लाइड स्वतः बदलणारा. साहेबांच्या पहिल्याच सोहळ्यात त्याची इतकी दाबादाबी झाली, की साहेब नव्या फोनचं तोंडभर कौतुक करत होते आणि पडद्यावर चहापानाची सूचना झळकत होती. त्यानंतर आक्कानं मला घडवून घेतलं आणि “नवीन आलाय, फार हलका चालतो” एवढंच सांगून साहेबांच्या हाती ठेवलं.

मग काय विचारता! साहेब एका वाक्यात मला दहादा दाबोत की विसरून जावोत, स्लाइड यायची ती नेमक्या शब्दावर. आक्का दिव्याकडे कमी आणि साहेबांच्या श्वासाकडे जास्त लक्ष द्यायची. दिवा उगाच लुकलुकू लागला की एकटीच करवादायची, “दाबा, दाबा! लिंबू पिळताय का?” आणि लगेच गुणगुणायची,

तेल नाही, वात नाही, हिरवा दिवा गं लुकलुके,
पुढे बोलणारा बोले, मागे जीव धुकधुके.

बाहेर टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. “साहेबांच्या अंगठ्यात जादू आहे,” असं वर्तमानपत्रांत छापून यायचं. मला मखमलीच्या डबीत ठेवत. खोटं कशाला बोलू, मीही फुगलो. टाळ्या अंगठ्याला असल्या तरी अंगठ्याखाली मीच होतो ना!

एका वर्षी मात्र अघटित घडलं. मी साहेबांच्या करड्या कोटाच्या खिशात राहिलो आणि साहेब निळा कोट घालून सोहळ्याला गेले. कपाटातल्या त्या अंधारात माझा जीव कासावीस झाला. माझ्यासाठी नाही हो, सोहळ्यासाठी! माझ्याशिवाय बिचाऱ्यांनी तो रद्दच केला असणार. पुढे त्या दिवसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही मोठ्या मनानं विषय वाढवला नाही.

सोहळ्याच्या शेवटी साहेब सगळ्यांचे आभार मानायचे. पेच बसवणाऱ्यांपासून खोकी चिकटवणाऱ्यांपर्यंत कुणी सुटायचं नाही. सुटायची ती एकटी आक्का. “माहीतच नाही, तर मानणार कसे?” असं म्हणून ती चहाचा कप विसळायला घ्यायची. फक्त कप जरा जास्तच वेळ विसळायची.

दिवस सरले. साहेबांचे केस पिकले, माझ्या बटणावरचा रंग उडाला. एके दिवशी बातमी फुटली, की साहेब पायउतार होणार. त्याच दिवशी दुसरीही बातमी फुटली, की येणाऱ्या फोनला हेडफोनचं भोक नसणार. मित्रांनो, जगाची रीत बघा. साहेबांसाठी लोकांनी एक सुस्कारा सोडला आणि भोकासाठी महिनाभर रडले.

साहेबांच्या जागी आल्या पक्कडताई. त्या यंत्रविभागाच्या प्रमुख. पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल, पण छोटी पक्कड हवीच, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत आणि त्या हाकेला ओ देत. हात सोन्याचे, पण चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. बाहेर कुजबुज सुरूच होती, “साहेब गेले, आता कंपनीही गेली समजा. पहिल्या सोहळ्यात बाईंची फजिती झाली की साहेबांनाच हातापाया पडून परत आणतील.” हे ताईंच्याही कानावर होतं.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी मला ताईंच्या ओंजळीत ठेवलं.

“सांभाळ ह्याला. अंगठा सैल ठेवायचा.”

“हो साहेब.”

“आणि काही अडलं, तर...” साहेबांनी पडद्यामागच्या खोलीकडे पाहिलं. ओठ हलले, पण शब्द गिळला. “काही नाही. अडणार नाही.”

ताईंनी मला टेबलावर नेलं आणि जी गोष्ट यंत्रांत रमणारा कुठलाही माणूस करेल तीच केली. उघडलं!

“अगंबाई! ह्याच्या पोटात तर काहीच नाही! नुसती दिव्याची सोय! इतकी वर्षं साहेबांनी ह्या मोडक्यावर दिवस काढले?”

ताईंचा जीव कळवळला. त्यांनी हौसेनं माझ्या पोटात नवा भाग बसवला. आता दाबलं, की दिवा नाही, थेट स्लाइड! आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. गुपचूप दुरुस्त करायचं आणि वस्तू आपणहून चालू झालेली बघून लोक चकित झाले की गालात हसायचं, ही त्यांच्या विभागाची जुनी चाल. मी तर हवेतच होतो. जन्मभर दिवा लावला, आता मी खरा क्लिकर झालो!

सोहळ्याचा दिवस उजाडला. नवा फोन रुमालासारखी घडी होणारा होता. सभागृह खचाखच भरलं होतं. पहिल्या रांगेत साहेब, त्यांच्या शेजारी फोनांच्या बातम्या देणारे पत्रकार. ताई मंचावर आल्या. त्यांचा तळहात घामानं थबथबलेला होता आणि त्यात मी.

“नमस्कार,” ताई म्हणाल्या आणि अंगठा आवळला.

मी दाबलो गेलो. स्लाइड पळाली. ताई दचकल्या, अंगठा आणखी आवळला. फोन आला, फोन गेला, रंग आले, रंग गेले आणि पडद्यावर भलीमोठी किंमत उभी राहिली! फोन अजून खिशातच होता. मागच्या खोलीत दिवा न लागताच चित्रं धावताना बघून आक्काला घाम फुटला. तिनं चित्र मागे ओढलं. ताईंनी पुढे दाबलं. तिनं मागे, ह्यांनी पुढे. किंमत येई, जाई, येई, जाई.

“घासाघीस चाललीय वाटतं,” एक पत्रकार म्हणाला.

“थांबा थोडं, उतरेल अजून,” दुसरा म्हणाला.

खसखस पिकली. हसण्याची लाट मागच्या रांगेपर्यंत गेली.  मला ताईंची नाडी लागत होती. अजून एक क्षण, आणि त्या मंचावरून पळाल्या असत्या. तेवढ्यात त्यांच्या कानातल्या छोट्या स्पीकरमधून आक्काचा आवाज आला. घाबरलेल्या माणसाला पदांचं भान कुठलं!

“अगं पोरी, ठेव त्याला खाली! लिंबू पिळतेस का? हात मोकळे सोड आणि बोल. चित्रांचं मी बघते.”

ताईंनी मला बाजूच्या उंच टेबलावर ठेवलं. पालथं. हात मोकळे झाले, आणि मोकळ्या हातांना जे येतं ते त्यांनी केलं. खांद्यावरच्या पर्समधून पक्कड काढली.

“मला भाषण येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण हा फोन कसा दुमडतो, ते उघडून दाखवते.”

त्यांनी हजारो माणसांसमोर नवाकोरा फोन खोलला. आतली केसाएवढी बिजागरी चिमटीत धरली आणि कारखान्यात सांगाव्यात तशा गमती सांगू लागल्या. कुठली बिजागरी तुटली, कुठली करकरली, कुठलीनं महिनाभर झोप उडवली. मागे एकेक चित्र अलगद उमलत होतं, ताईंच्या श्वासाबरोबर. हसणारे लोक पुढे सरकून बसले. शेवटी टाळ्या थांबेनात.

आणि मी? खरा झालो, आणि पहिल्याच सोहळ्यात निकामी ठरलो. पालथा पडून टेबलाचं लाकूड बघत बसलो.

म्हणून मित्रांनो, ह्या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. बटणं हळू दाबा, आम्हालाही जीव असतो. आणि एखादी गोष्ट सुरळीत चाललेली दिसली, तर ती कुणामुळे चाललीय हे आधी विचारा, मग पक्कड उचला.

सोहळा संपल्यावर ताई मला घेऊन तरातरा पडद्यामागच्या खोलीत आल्या. साहेब तिथे आधीच येऊन उभे होते.

“साहेब, चूक माझी,” ताई म्हणाल्या. “तुमचा क्लिकर मी उघडला. त्याच्या पोटात मुळी...”

“सेल!” आक्का ओरडली. “सेल बदलला त्यांनी, साहेब. बाकी काही नाही. चहा घेणार?” आणि तिनं ताईंच्या पायावर पाय दिला.

“आई गं!”

साहेब स्टुलावर टेकले. मला उचलून तळहातावर ठेवलं आणि हसू लागले.

“राहू दे आक्का. तो निळा कोट आठवतो?”

“कसा विसरेन? त्या दिवशी दिवा एकदाही लागला नाही. मला वाटलं, सेल गेला.”

“सेल नव्हता गेला. हा गडी घरी कपाटात होता. माझी मूठ रिकामी होती.”

माझं बटण थिजलं. सोहळा झाला होता? माझ्याशिवाय?

आक्काच्या हातातला कप तसाच राहिला. “म्हणजे तेव्हापासून तुम्हाला...”

“तेव्हापासून. म्हटलं, बोललो तर तुम्ही अवघडाल, आणि माझी तर पाचावर धारण बसेल. म्हणून पुढेही हा नुसता मुठीत धरून उभा राहत गेलो. सगळ्या जगाचे आभार मानले, आणि...”  साहेबांचा अंगठा सवयीनं माझ्यावर चाळवला. “आक्का, स्लाइड तुम्ही बदलत होता. जादू तुमची होती. मी नुसता अंगठा हलवत होतो.”