चोवीस तासांचा कॅन

"रिपोर्ट चांगला आलाय ना? मग सोड ती मिठाची बरणी!" ताई ओरडली.

तिचा शिंपी भाऊ बरणी सोडेना. "नको म्हणतो ना!"

"माझ्या किडन्या ठणठणीत निघाल्या, तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

त्याचा चेहरा पडला. किडन्या दिवसभर रक्त गाळतात. त्यातून प्रोटीन किती निसटतं हे बघायला ताईने चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवली होती. तो कॅन लॅबला पोचवायचं काम त्याचं. त्या दिवशी बसमध्ये झाकणातून गळायला लागलं. लोकांनी नाकं मुरडली. "काका, तुमचा रस सांडतोय!" कुणीतरी ओरडलं आणि अख्खी बस हसली. त्याने उतरून कॅन गटारात रिकामा केला. मग लॅबच्या संडासात आपलीच लघवी भरली, वर नळाचं पाणी ओतलं.

"ताई, तो रिपोर्ट तुझा नाही. माझा आहे." मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं.

ताईने बरणी सोडली. "आठवडा झाला रे मला त्या रिपोर्टवर किडनीच्या गोळ्या बंद करून."

त्याला तिच्याकडे बघवेना. चपला घालत तो म्हणाला, "डॉक्टरांना मीच सांगतो. मला आता निघायला हवं."