पत्रोबाचा नवा आवाज

नव्या आवाजातला पहिला भाग रविवारी सकाळी नऊला लागला. साडेनऊला त्याखाली दोनशे प्रतिक्रिया होत्या. आवाज देणाऱ्या माणसाने त्या एकूण एक वाचल्या. पुढ्यातला चहा केव्हाच निवला होता.

"हा पत्रोबा नाही. पत्र्यावर कुणीतरी खिळा घासतंय."

"आमच्या लेकाने विचारलं, पत्रोबाला सर्दी झालीय का?"

"जुना आवाज परत आणा. जमत नसेल तर पत्रोबाला मुका ठेवा, चालेल."

पत्रोबा म्हणजे भंगाराच्या आवारात राहणारा एक गंजलेला यंत्रमानव. मालिका मुळात परदेशी, पण मुलांना त्याच्याशी काय देणंघेणं? नऊ वर्षं अण्णा त्याला आपल्या भाषेत बोलतं करत होते. पत्रोबा "चला, बोल्ट आवळा!" म्हणाला की घरोघरी पोरं आपले कान पिळून घ्यायची. सहा महिन्यांपूर्वी अण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

त्यांच्या जागी गर्दीला घेतलं. स्टुडिओत त्याला सगळे गर्दीच म्हणत, कारण सतरा वर्षं तो गर्दीचेच आवाज द्यायचा. बाजारातला कल्ला, कोर्टातली कुजबुज, पुराला भिऊन पळणारी माणसं, सगळं हा एकटा करायचा. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा त्याच्या वाट्याला नाव असलेलं पात्र आलं होतं.

सोमवारी डबिंगच्या दिग्दर्शिकेचा फोन आला. तिला सगळे नुसतं बाई म्हणत.

"वाचलंस सगळं?"

"वाचलं."

"चॅनेलवाले तीन भाग थांबणार आहेत. तिसऱ्या भागानंतर लोक काय म्हणतात ते बघून ठरवणार."

"आणि नाही पटलं तर?"

"त्यांच्याकडे दुसरा माणूस तयार आहे. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?"

दोन भाग आधीच ध्वनिमुद्रित होऊन गेले होते. त्यांत आता काही बदलता येणार नव्हतं. हातात फक्त तिसरा भाग होता.

संध्याकाळी त्याने लेकीला जवळ बोलावलं. ती दहा वर्षांची. घरात तिला बिट्टी म्हणत. पत्रोबाचे जुने भाग तिला तोंडपाठ होते.

"बिट्टे, नवा भाग बघितलास ना?"

"हो."

"कसा वाटला?"

"तू छान बोलतोस, बाबा."

"पण?"

बिट्टीने फ्रॉकच्या बटणाशी चाळा केला. "पण तू पत्रोबाची नक्कल करतोस. आमच्या वर्गात एक मुलगा पण करतो. त्याची जरा जास्त चांगली होते."

आतून बायको हसली, मग हसू आवरून म्हणाली, "अगं, बापाला एवढं खरं सांगतात का?"

तो हसला नाही. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, घरी कुणी नसताना, त्याने तीन खोटी खाती उघडली. एक 'पत्रोबाची आजी', एक 'सातवी ब', एक 'गंजका बोल्ट'. काम करायचं तर नीट करायचं, ही त्याची सवय. आजीचं वाक्य त्याने आधी आजीच्या कापऱ्या आवाजात म्हणून पाहिलं, सातवीतल्या पोराचं पोराच्या आवाजात, आणि मग टाइप केलं. पाच दिवसांत अशी चाळीसेक वाक्यं झाली. आपल्याला कुणीतरी चांगलं म्हणतंय, हे वाचून त्याला थोडं बरंही वाटू लागलं होतं. ती वाक्यं आपणच लिहिलीत, हे तो अधूनमधून विसरायचा.

दुसरा भाग लागला त्या दिवशी दुपारी सगळं फुटलं.

चाहत्यांच्या गटाचा एक म्होरक्या होता. तो स्वतःला पेचकस म्हणवून घ्यायचा. पत्रोबाच्या डाव्या गुडघ्याचा स्क्रू कोणत्या भागात हरवला, हे सांगणारा माणूस. त्याने 'आजी'चं एक वाक्य उचलून सगळ्यांपुढे ठेवलं:

"मला तर / हा आवाज / फार मायाळू वाटला // नातू सुद्धा / खूश आहे."

त्याखाली 'सातवी ब'चं:

"कडक काम / नवा पत्रोबा / एक नंबर // जळणारे जळोत."

आणि त्याखाली एक फोटो. अण्णांच्या निरोपाच्या वेळी चॅनेलने त्यांच्या संवादाचं एक पान छापलं होतं. त्यावर पेन्सिलीने काढलेल्या तशाच तिरक्या रेघा.

डबिंगमध्ये पडद्यावरचे ओठ आणि आपला श्वास यांचा मेळ बसावा लागतो. म्हणून संवादाच्या कागदावर रेघ मारून ठेवतात. एक रेघ म्हणजे थोडा श्वास, दोन म्हणजे लांब. सतरा वर्षांत हे गर्दीच्या हाताला इतकं लागलं होतं की किराणाच्या यादीतही रेघा पडायच्या. बायको म्हणायची, तुझी यादी वाचताना दुकानदाराला धाप लागते. मोठ्याने म्हणून पाहिलेलं वाक्य टाइप करताना बोटांनी आपलं काम केलं आणि त्याला पत्ताच लागला नाही.

पेचकसने शेवटी लिहिलं होतं, "आजी, श्वास घ्या."

पुढच्या तासाभरात लोकांनी नुसता धुमाकूळ घातला. "मी / स्वतःच / स्वतःची / पाठ थोपटतो." "आजीला दम्याचा त्रास आहे का हो?" "गंजका बोल्ट, बोल्ट आवळा आणि गप्प बसा." गर्दीने तिन्ही खाती पुसून टाकली. त्यामुळे खात्रीच झाली सगळ्यांची.

संध्याकाळी बाईचा फोन आला. ती म्हणाली, "अरे, तुला कुणी सांगितलं होतं हे?"

"काढलं मला?"

"अजून नाही. जाहिरात लागून गेलीय म्हणून तिसऱ्या भागापर्यंत थांबतायत. शुक्रवारी ये. आणि हात जोडते, त्या प्रतिक्रियांच्या वाटेला जाऊ नकोस."

गुरुवारी तो अण्णांकडे गेला. अण्णा खिडकीपाशी बसले होते, गळ्याला रुमाल, मांडीवर पाटी. बोलायचं असलं की ते पाटीवर लिहीत.

"अण्णा, एक ओळ लिहा. तुमच्या नावाने. हा माझा माणूस आहे, याला सांभाळून घ्या, एवढंच. तुमचं ऐकतील ते."

अण्णांनी मान हलवली. नाही.

"का? मी तुमच्या पायाशी बसून शिकलो. तुमची एकही लकब सोडली नाही."

अण्णांनी लिहिलं: 'तेच चुकलं.' पुसून पुन्हा लिहिलं: 'माझं दम लागणंसुद्धा उचललंस.'

"म्हणजे?"

'मी दर तीन शब्दांनी थांबायचो. ती ढब नव्हती. फुप्फुसात हवा पुरत नव्हती. तुला पुरते.'

 गर्दीचा आवाज चढला. "मला हे सतरा वर्षांत का नाही सांगितलंत? ऑपरेशननंतर तरी? मी तुमच्यासमोर दोन भागांची तालीम केली, अण्णा!"

 अण्णांनी बारीक अक्षरात लिहिलं: 'तू बोलायचास तेव्हा वाटायचं, मी अजून बोलतोय.'

तेही त्यांनी लगेच बोटाने पुसलं. गर्दीने त्यांच्या मांडीवरची पाटी बाजूला ठेवली, रुमाल नीट केला आणि तो निघाला. रागवायला त्याच्याकडे वेळच नव्हता.

शुक्रवारी बूथमध्ये त्याने कागदावर एकही रेघ मारली नाही. प्रसंग असा होता: पत्रोबाची आठवण पुसली गेलीय, आणि आवारातली छोटी गाडी त्याला विचारतेय, मला ओळखलंस का? हेडफोन लावून त्याने पडद्यावरच्या गंजलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि सरळ, एका दमात बोलला, "नाही ओळखलं गं, पण तू इथेच थांब, मी आठवून बघतो."

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने बाईकडे पाहिलं. बाईने बटण दाबलं.

"ओठ जुळले?" गर्दीने विचारलं.

"जुळले. पुढे चल." मग ती म्हणाली, "कुठे होतास रे इतके दिवस?"

रविवारी तिसरा भाग लागला तेव्हा तो जिन्यात जाऊन बसला. पण तास उलटल्यावर राहवलं नाही. त्याने फोन उघडला.

"आज रडू आलं. हाच माणूस आहे ना?"

"आमची दोघं पोरं गप्प बसून बघत होती. राहू द्या याला."

असे पन्नास, साठ जण असतील. ते त्याने दोनदा वाचलं. यातलं एकही त्याने लिहिलं नव्हतं. मग त्याने त्यांच्याखालची उत्तरं वाचली.

"आले, आजीबाई परत आल्या."

"या वेळी रेघा पुसायला विसरले नाहीत. हुशार झालेत."

"पोरं दोघं, खाती किती?"

पेचकसने फक्त लिहिलं होतं, "भाग बरा होता. पण ही स्तुती खरी कशावरून?" त्यावर सातशे जणांनी मान डोलावली होती. रडू आलं म्हणणारीने आपण खऱ्या आहोत असं दोनदा शपथेवर सांगितलं, मग ती चिडून निघून गेली. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांनीही लिहिणं सोडलं.

सोमवारी अकराला बाईचा फोन आला. "त्यांना खरं कुठलं, खोटं कुठलं कळेना. म्हणून चांगलं लिहिलेलं त्यांनी मोजलंच नाही. पुढच्या भागापासून तो दुसरा माणूस येतोय." तिचा आवाज बसला होता. "मी भांडले रे."

"माहितीय मला."

फोन ठेवून तो वळला तर दारात बिट्टी उभी. दुपारच्या शाळेचा गणवेश, हातात आईचा फोन, नाक लाल.

"बाबा, मी काल आईच्या फोनवरून लिहिलं होतं. की मला हा पत्रोबा आवडला. मला खरंच आवडला. ते म्हणतात मी तूच आहेस."

त्याने तिला जवळ घेतलं.

"तू सांग ना त्यांना. सांग, ही माझी मुलगी आहे, ही खरी आहे."

"मी सांगून नाही पटायचं, बाळा."

"मग मी परत लिहिते. शाळेचं नाव घालून लिहिते."

"नको. आता कुणीही काही लिहिलं तरी तो मीच असणार."

बिट्टीने त्याच्या शर्टाला नाक पुसलं आणि वर पाहिलं.

"मग मला आवडलं, हे मी कुठे सांगू?"